खोका उघडून : डिस्क फिरते, पण दिसत नाही

बारावीचे निकाल लागले की माझ्या टपालाची चव बदलते. वर्षभर "प्रिंटर कागद ओढत नाही" आणि "नातवाने पासवर्ड बदलून ठेवलाय" अशी पत्रं येतात. मे-जून आला की "ताई, मी स्वतः कॉम्प्युटर जोडला, सगळं चालतंय, फक्त हार्ड डिस्क…" अशी सुरुवात होते. या वेळी अशी पाच पत्रं आली, म्हणून हा महिना फक्त डिस्कचा. प्रिंटरवाल्यांनी थोडं थांबावं, तुमचा कागद पुढच्या महिन्यात ओढू.

प्रश्न : आजोबांनी दिलेले पैसे आणि माझी दोन वर्षांची बचत मिळून पहिला कॉम्प्युटर घरीच जोडला. ५०० जीबीची एम.टू एसएसडी मदरबोर्डवर बसवली, तिच्यावर विंडोज ११ टाकलं. छान चालतंय. मग २ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क जोडली. हात लावला की ती फिरताना जाणवते, पण कॉम्प्युटरमध्ये कुठेच दिसत नाही. डेटाची वायर बदलून पाहिली. दुकानदार म्हणतात, तुम्हीच जोडताना घालवली. बाबा म्हणतात, तयार घेतला असता तर ही वेळ आली नसती. डिस्क खराब आहे का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : डिस्कला हात लावून पाहिलास, हे फार बरं केलंस. निम्मे लोक ते करत नाहीत आणि थेट स्क्रीनशी भांडत बसतात. डिस्क फिरते म्हणजे तिला वीज पोचली आहे आणि मोटर जिवंत आहे. साटा, म्हणजे आज हार्ड डिस्क ज्या पद्धतीने जोडतात ती. अशा डिस्कला दोन जोडण्या असतात. १५ पिनांची रुंद पट्टी विजेची, ७ पिनांची अरुंद पट्टी डेटाची. पहिलीचा प्रश्न तुझ्या हातानेच सोडवला.

राहिलं ते "कुठेच दिसत नाही". हे कुठेच म्हणजे नक्की कुठे? कॉम्प्युटर चालू करताना डिलीट की दाबून जो बायॉस उघडतो, तिथल्या यादीत नाही? की तिथे आहे, पण विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये नाही? की दोन्हीकडे आहे आणि फक्त 'धिस पीसी' उघडल्यावर तिचं चित्र येत नाही? आपण तिन्हींना एकच "दिसत नाही" म्हणतो, पण तिन्हींची कारणं वेगळी. म्हणून मी तुला उलट टपाली तेवढंच विचारलं आणि आतला एक फोटो मागवला.

फोटो आला. (मुला, तुझ्या वायरी बघून मला माझी लाज वाटली. इतक्या नीट मी आयुष्यात बांधल्या नाहीत.) बायॉसमध्ये डिस्क नाही, असं तू लिहिलंस. फोटोत डेटाची लाल वायर कॅबिनेटच्या मागच्या बाजूने फिरून मदरबोर्डच्या अगदी खालच्या कोपऱ्यात गेली होती. फोटो मोठा करून पाहिलं, तर तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं : साटा ५. एक-दोन-तीन-चार रिकामे आणि वायर पाचात. का? तर तुझंच उत्तर : "काचेतून वायर दिसू नये म्हणून."

आता मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका काढ. साटा पोर्टांच्या पानावर तक्त्याखाली बारीक अक्षरातली टीप असते. तू पाठवलेल्या पानावर ती होतीच : एम.टूच्या या खाचेत एसएसडी असेल, तर साटा ५ आणि ६ बंद राहतील. यात बोर्डाचा दोष नाही. चिपसेटकडे, म्हणजे मदरबोर्डवरची डेटाची ये-जा सांभाळणाऱ्या चिपकडे, ठरावीक वाटा असतात आणि कंपन्या एकच वाट दोन ठिकाणी काढून देतात, एम.टू वापरा किंवा हे साटा पोर्ट वापरा, दोन्ही एकदम नाही. काही बोर्डांवर एम.टू साटा जातीची असेल तरच एखादं पोर्ट बंद होतं, एनव्हीएमई या जास्त वेगाच्या जातीची असेल तर होत नाही. काहींवर उलट. काहींवर असलं काहीच नाही. म्हणून अंदाज बांधायचा नाही, पान उघडायचं. तीस सेकंदांचं काम आहे, पण ती पुस्तिका खोक्याच्या तळाशी असते आणि खोका तोवर माळ्यावर गेलेला असतो.

तू वायर साटा १ मध्ये घातलीस आणि बायॉसच्या यादीत डिस्क आली. दोन तासांनी तुझा दुसरा मेल : "बायॉसमध्ये आली, पण धिस पीसीमध्ये अजून नाही!!" दोन उद्गारचिन्हं मी मोजली.

ही दुसरी गोष्ट आजार नव्हेच. नवी डिस्क ही कोरी जमीन असते. जमीन आहे, पण मोजणी झालेली नाही, गट पडलेले नाहीत, सातबारा निघालेला नाही. विंडोजला जमीन दिसते, पण सातबाऱ्याशिवाय तो तिला घराच्या यादीत धरत नाही. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघड. नवी डिस्क असेल तर तो स्वतःच विचारतो : इनिशिअलाइझ करू का? आणि दोन पर्याय ठेवतो, एमबीआर आणि जीपीटी. जीपीटी निवड. एमबीआर ही जुनी पद्धत. तिच्यात डिस्कचे ५१२ बाइटचे तुकडे ३२ बिटांच्या आकड्याने मोजतात, आणि तो आकडा सुमारे २.२ टीबीला संपतो. तुझी २ टीबीची त्यात जेमतेम मावेल, पण उद्या ४ टीबीची घेतलीस आणि सवयीने एमबीआर केलीस, तर निम्मी डिस्क पडीक राहील.

मग खाली काळी पट्टी दिसेल, 'अनअलोकेटेड' लिहिलेली. तिच्यावर उजवी क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे-पुढे. ड्राइव्हचं अक्षर तो सुचवेल तेच ठेव, फाइल सिस्टीम एनटीएफएस, आणि 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढू नकोस. काढलीस तर तो सगळी डिस्क टोकापासून टोकापर्यंत तपासत बसेल. त्यात वाईट काही नाही, पण काही तास जातील आणि तू मला तिसरा मेल करशील.

इथे एक धोक्याची सूचना, ही तुझ्यासाठी कमी आणि बाकीच्या वाचकांसाठी जास्त. इनिशिअलाइझचा प्रश्न *नव्या* डिस्कला आला तर हो म्हणा. ज्या डिस्कवर आधीपासून फोटो, हिशेब, काहीही होतं, तिच्यासाठी तो प्रश्न आला तर रद्द करा आणि हात मागे घ्या. सातबारा हरवला म्हणून जमीन नांगरून टाकत नाहीत.

शेवटी तू विचारलंस की २ टीबीचे पैसे दिले आणि विंडोज १८६३ जीबी दाखवतो, १३७ कुठे गेले, दुकानदाराने मारले का. नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते : २ टीबी म्हणजे दोनावर बारा शून्यं, इतके बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतो आणि तरी त्याला जीबीच म्हणतो. दोनावरच्या बारा शून्यांना तीनदा १०२४ने भाग, उत्तर १८६२.६, डिस्कवर बाइट थोडे जास्तच दिलेले असतात म्हणून १८६३. आजीच्या पाटल्यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. सोनं तेवढंच, शब्दाने घोळ केला. १ टीबीची डिस्क याच हिशेबाने ९३१ दाखवते, ५०० ची एसएसडी ४६५.

बाबांना माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग की तयार घेतला असता, तर त्या बारीक टिपेचं पान तू जन्मात उघडलं नसतंस.

(एक जुनी आठवण आल्यावाचून राहत नाही. १९९९ साली मी पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात कामाला लागले तेव्हा ४.३ जीबीची डिस्क म्हणजे भरपूर वाटायची. रुंद चपटी राखाडी वायर, ४० पिना, आणि एका वायरीवर दोन डिस्क. कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह हे डिस्कच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा जंपर लावून ठरवायचं. दोन्ही मास्टर ठेवल्या की पुष्कळदा दोन्ही गायब. ते जंपर मी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत जमवले होते. डबी अजून आहे, जंपर लागेल अशी डिस्क मात्र दुकानात आता क्वचित येते. तेव्हा जुन्या बायॉसला ८.४ जीबीच्या पुढचं दिसायचंच नाही. म्हणजे "डिस्क आहे पण दिसत नाही" हे दुखणं तुमच्या पिढीचं नाही, खानदानी आहे.)

प्रश्न : निवृत्तीनंतर छंद म्हणून कॉम्प्युटर जोडला. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) मॉड्युलर घेतला, ज्याच्या वायरी सुट्या निघतात. तो वर्षभरात कुरकुरू लागला म्हणून दुसऱ्या कंपनीचा, जास्त वॉटचा, तोही मॉड्युलर आणला. कॅबिनेटच्या मागे वायरी फार कष्टाने लावलेल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या आणि फक्त एसएमपीएस बदलला. चालू करताच जळका वास आला. आता हार्ड डिस्क आणि एक साटा एसएसडी, दोन्ही मेल्यागत आहेत. नवा एसएमपीएस खराब निघाला असं समजायचं का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला वाईट वाटेल, पण नवा एसएमपीएस बहुधा निर्दोष आहे. घात जुन्या वायरींनी केला.

डिस्ककडचं टोक जगभर एकसारखं असतं, त्यामुळे आपण फसतो. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. सहा पिनांचं प्लग दोन्ही कंपन्यांचं दिसायला सारखं, खटकन बसणारं. पण एकीने ज्या पिनेवर ५ व्होल्ट ठेवले तिथे दुसरीने १२ ठेवलेले असू शकतात. तुमच्या डिस्कवरच्या इलेक्ट्रॉनिक्सला ५ हवे होते, तिथे १२ गेले. वास त्याचाच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा हे वेगळं असू शकतं.

हे मला पुस्तकातून कळलं असं समजू नका. साधारण २०१२ साली एका शिक्षकांच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस मी असाच बदलला. नव्या वायरी पिशवीत तशाच, सीलबंद. जुन्या लावलेल्याच होत्या, कोण परत खोलत बसणार! स्विच दाबला आणि एक बारीक 'टिक्' ऐकू आलं, इतकंच. डिस्कवर त्यांच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या दिवशी मी दुपारचा डबा उघडला नाही.

त्या डिस्कचं नशीब थोर. गल्लीतच बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तिची हिरवी पट्टी उलटी केली आणि विजेच्या जोडणीशेजारचा एक लहानसा डायोड दाखवला. पुष्कळ डिस्कांवर असा एक रखवालदार बसवलेला असतो. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि मागच्यांना वाचवतो. त्याने तो मेलेला डायोड काढला, डिस्क फिरली, आम्ही त्याच बैठकीत सगळा डेटा दुसरीकडे घेतला आणि ती डिस्क निवृत्त केली. त्या दुरुस्तीचे पैसे अर्थातच मी भरले.

तुमच्या हार्ड डिस्कचं असंच होईल याची हमी मी देत नाही, पण तिच्यावर काही मोलाचं असेल तर टाकून देऊ नका आणि घरी चालू-बंद करून प्रयोगही करू नका. डेटा परत मिळवणाऱ्याकडे जा आणि काय झालं ते खरं सांगा : "जुन्या वायरी, नवा एसएमपीएस." लोक लाजून "आपोआप बंद पडली" म्हणतात, आणि कारागिराचा एक दिवस कारण शोधण्यात जातो. एसएसडीची आशा मला कमी वाटते.

आणि जुन्या वायरींचा तो जुडगा आजच घराबाहेर काढा. "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेली वस्तू या बाबतीत खरंच कधीतरी लागते, तेच वाईट.

प्रश्न : नवीन कॉम्प्युटर जोडला, पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला बसले. बायॉसमध्ये एनव्हीएमई एसएसडी व्यवस्थित दिसते, पण विंडोज "कुठे टाकू?" विचारतो त्या पानावर यादी रिकामी. प्रोसेसर इंटेलचा, १२व्या पिढीचा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच बोर्डांवर एसएसडीचा कारभार प्रोसेसरमार्फत चालवणारी व्हीएमडी नावाची सोय असते आणि ती चालू असली की विंडोजच्या मूळ इन्स्टॉलरला एसएसडी ओळखता येत नाही. घरी एकच एसएसडी, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरणं) वगैरे करायचं नाही, तर बायॉसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा आणि पुन्हा सुरू करा. यादी भरेल. दुसरा मार्ग बोर्डाच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच पानावर 'लोड ड्रायव्हर' करायचा. विंडोज आधीच टाकून झालेलं असताना मात्र ही सोय उघड-बंद करू नका. मग चालणारा कॉम्प्युटरही उठायचा नाही.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडून, सोबत नवी एसएसडी लावून, एसएसडीवर विंडोज टाकलं. सहा महिने सुरळीत. परवा धाकट्या भावाला हवी म्हणून हार्ड डिस्क काढून दिली, तर कॉम्प्युटर म्हणतो बूट करायला काही नाही! विंडोज तर एसएसडीवर आहे ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : घर एसएसडीवर आहे, किल्ली भावाकडे गेली.

विंडोज टाकताना दोन डिस्क जोडलेल्या असल्या की त्याची बूट करायची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून द्यायची, छोटी फाळणी (पार्टिशन), जी शे-दोनशे एमबीची असते, ती कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसते. जुन्या डिस्कवर तशी फाळणी आधीच असेल तर विंडोज ती आयती वापरतो, नवी करत नाही. तुम्हाला सहा महिने पत्ता लागला नाही, कारण दोन्ही डिस्क रोज एकत्रच चालू होत होत्या.

भावाने ती फॉरमॅट केली नसेल तर परत आणून जोडा, कॉम्प्युटर चालू होईल. मग दोन रस्ते. ज्याला कमांड लिहायची भीती नाही त्याने एसएसडीवर जागा करून बूटच्या फायली तिथे नव्याने तयार कराव्यात. जमतं, मी केलं आहे, पण फाळणी निवडताना एक आकडा चुकला तर रडायची वेळ येते. तुम्ही तुमच्या पत्रात "मला फारसं कळत नाही" असं दोनदा लिहिलंत, म्हणून दुसरा रस्ता सांगते. कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढा. एकट्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. संध्याकाळ जाईल, पण झोप शांत लागेल. इथे "ही डिस्क एमबीआर आहे, टाकता येत नाही" असा निरोप आला, तर त्या पानावरच एसएसडीच्या सगळ्या फाळण्या उडवून रिकामी जागा निवडा, तो स्वतः जीपीटी करून घेतो. हार्ड डिस्क आधीच काढलेली असल्याने चुकीची डिस्क उडवायची भीती नाही. मी दुकानात येणाऱ्या पोरांना हेच बजावते : विंडोज टाकताना कॅबिनेटमध्ये एकच डिस्क जिवंत हवी, बाकीच्यांनी बाहेर बसायचं.

प्रश्न : मी नववीत आहे. मामाबरोबर कॉम्प्युटर जोडला. हार्ड डिस्क चालू असली की सगळं कॅबिनेट घूं घूं करतं. शिवाय सगळं जोडून पिशवीत स्क्रू उरलेत. काही राहिलं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : उरलेले स्क्रू आणि घूं घूं, बहुतेक एकच गोष्ट आहे. साडेतीन इंची डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात. ती दोनच स्क्रूंवर लटकत असेल, तर सगळा पत्रा तिच्याबरोबर गातो.

पिशवीतले स्क्रू ताटलीत ओत आणि दोन ढीग कर. एकाचे आटे जाड, लांब-लांब; दुसऱ्याचे बारीक, दाट. नखाने खरवडलंस तरी फरक कळेल. जाड आट्यांचे साडेतीन इंची हार्ड डिस्कचे, बारीक आट्यांचे अडीच इंची एसएसडीचे. उलटे घातलेस तर दोन-तीन फेरे जातात आणि मग अडतात. तिथे जोर लावायचा नाही, मामालाही लावू द्यायचा नाही, आटे जातात. कॉम्प्युटर बंद कर, भिंतीतला प्लग काढ, डिस्कला दोन्ही बाजूंनी दोन-दोन असे चार जाड आट्यांचे स्क्रू लाव. आधी चारही अर्धवट फिरव, मग एकेक घट्ट कर. तुमच्या कॅबिनेटला स्क्रूऐवजी प्लास्टिकचा खण आणि रबरी चकत्या असतील, तर चकत्या नीट बसल्यात का ते बघ.

आवाज घूं घूं असेल तर हे पुरेल. पण थांबून थांबून टक्-टक्, टक्-टक् असं ऐकू आलं, तर स्क्रूंच्या मागे लागू नकोस. त्याच वेळी मामाला हाक मार, आणि जे हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

बाकीचे स्क्रू उरणारच. ते मोकळ्या जागांचे असतात. फेकू नकोस, डबीत ठेव.